तव्याचं पहिलं घावन

रत्नागिरीत कुठलीही गोष्ट नवी झाली की गाव आधी तिला नावं ठेवतं, मग तिच्यासमोर उभं राहून फोटो काढतं, आणि महिनाभरानं पाहुण्यांना ती अशा थाटात दाखवतं की जणू पणजोबांनीच पाया खणला होता. एसटी स्टँडच्या मागच्या पत्र्याच्या हॉलचं तसंच झालं. चौदा महिने तो हिरव्या कापडाआड होता. आतून कापाकापीचे, ठोकाठोकीचे आवाज यायचे आणि बाहेर लोक तर्क लढवायचे. कुणी म्हणे मॉल होतोय, कुणी म्हणे लग्नाचा हॉल. शेवटी नोव्हेंबरात कापड उतरलं आणि निळ्या दिव्यांची अक्षरं उजळली, ‘दर्या फूड कोर्ट’. आपोआप सरकणारी काचेची दारं. आत बारा गाळे, सगळ्यांचे ओटे एकसारखे, सगळ्यांवर लखलखीत स्टील. लोकांच्या तोंडून ‘पत्र्याचा हॉल’ मात्र काही गेला नाही. रिक्षावाल्याला ‘दर्या’ म्हटलं तर तो सरळ मांडवीच्या समुद्रावर नेऊन सोडायचा.

त्या काचेच्या दारांवर अख्ख्या गावात सगळ्यात जास्त जीव कुणाचा असेल, तर तो सानवीचा.

सानवी दहावीत होती. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ही मुलगी वर्गात ‘हजर’सुद्धा अशी म्हणायची की बाईंना मान वर करून बघावं लागायचं, खरंच आहे का. मग एकदा ऐन वेळी कुणीतरी आजारी पडलं म्हणून तिला वक्तृत्व स्पर्धेला उभं केलं. पहिलं वाक्य विसरली, दुसऱ्यापासून सुरुवात केली आणि ढाल घेऊन घरी आली. तेव्हापासून तिच्या तोंडाला झाकण राहिलं नाही. रिक्षात बसली की रिक्षावाल्याला सल्ला, दुकानात गेली की दुकानदाराला. तिची आई, रेणुका, हात जोडून म्हणायची की ती ढाल परत देऊन ये आणि आमची जुनी सानू घेऊन ये.

पण याच तोंडानं प्रभावती मावशीला चार नंबरचा गाळा मिळवून दिला होता.

प्रभावती म्हणजे रेणुकाची मोठी बहीण. चौतीस वर्षं तिनं पत्र्याच्या हॉलमध्ये घावनं घातली. तांदळाच्या पिठाची पातळ, जाळीदार घावनं, बरोबर नारळाचा गोड रस, नाहीतर काळ्या वाटाण्याची उसळ. एसटीतून उतरणारे चाकरमानी घरी जायच्या आधी तिच्याकडे वळायचे, आणि मिरकरवाड्याहून मासळीचा लिलाव आटपून आलेल्या बाया पाट्या दाराशी ठेवून आधी दोन घावनं खायच्या. हॉल बंद झाला आणि मावशी घरी बसली. तिचा मुलगा विनीत कल्याणला असायचा. तो दर रविवारी फोनवर एकच सांगायचा, आई, इकडे ये, एक खोली रिकामीच आहे, किती दिवस चुलीशी उभी राहणार. मावशी हूं म्हणायची. हूं म्हणणं म्हणजे हो नव्हे हे सानवीला कळत होतं, पण ते नाहीही नव्हे, हेही कळत होतं.

म्हणून तिनं मावशीचा अर्ज भरला, कचेरीत जाऊन साहेबाला घावनाची जाळी कशी पडते त्यावर पाच मिनिटं भाषण दिलं, पाटी रंगवली, मोबाइलवरून ऑर्डर घ्यायची ती क्यूआर कोडची चौकटसुद्धा छापून आणली. मावशी बघत राहिली. शेवटी तिनं विनीतला सांगितलं की पहिल्या दिवशी ये. “हाताला जागा ओळखीची वाटली तर राहीन. नाय वाटली तर तुझ्याबरोबर गाडीला बसेन.” विनीतनं सोमवारची दोन तिकिटं काढूनच ठेवली.

सानवीला मावशी का हवी होती, हे तिनं कुठल्या भाषणात सांगितलं नसतं. तिची आई पतसंस्थेत, बाबा मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात. पहिलीपासून नववीच्या सुरुवातीपर्यंत शाळा सुटली की ती थेट पत्र्याच्या हॉलमध्ये यायची. पिठाच्या उपड्या डब्यावर तिची जागा. छपराच्या पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोकं होती, त्यातून चारच्या सुमाराला ऊन खाली पडायचं आणि फरशीवर गोल गोल कवडसे उमटायचे. ती ते मोजायची. एकतीसच्या पुढे नेहमी चुकायची, कारण तेवढ्यात तवा तापलेला असायचा.

आणि तवा तापला म्हणजे पहिलं घावन. कोकणातल्या कुठल्याही घरात विचारा, दिवसाचं पहिलं घावन कधी अख्खं निघत नाही. तवा अजून नीट जागा झालेला नसतो, घावन त्याला बिलगतं, उलथण्यानं सोडवताना फाटतं. ते गिऱ्हाइकाला द्यायचं नसतं आणि टाकायचंही नसतं. ते घरातल्या लेकराचं. मावशी त्या फाटक्या, वाफाळत्या घावनावर नारळाचा रस ओतून केळीच्या पानाचा तुकडा सानवीच्या हातात ठेवायची. हात भाजायचा, जीभ भाजायची, आणि मग दिवसाचं बाकी सगळं ठीक व्हायचं. आठ वर्षं. मावशी कल्याणला गेली असती तर सानवीचं पोट काही उपाशी राहिलं नसतं. पण त्या आठ वर्षांना रत्नागिरीत जायला पत्ताच उरला नसता.

उद्‌घाटन रविवारी होतं. सकाळी मावशीनं तिच्याकडे किल्ली दिली आणि गोणपाटात बांधलेलं एक जड गाठोडं दिलं. आत तवा. बिडाचा, परातीएवढा, मावशीची सासू सगुणा हिनं अंजनवेलहून डोक्यावरून आणलेला. चौदा महिने तो तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून मावशीच्या खाटेखाली झोपला होता.

“तवा पुसून ठेव, एवढंच. बाकी मी येते चारला.”

सानवीनं नव्या ओट्यावर तवा ठेवला आणि तिला कसंतरीच झालं. एका बाजूला वॉफलवाल्यांचं रुपेरी यंत्र, दुसऱ्या बाजूला ज्यूसवाल्याचे काचेचे बुधले, आणि मधे आपला तवा, काळाकुट्ट, कडेला थरावर थर चढलेला. नव्या नवरीच्या मांडवात मळक्या धोतरातला म्हातारा येऊन बसावा तसा दिसत होता. लोक काय म्हणतील? साहेब येणार, फोटो निघणार. मावशीनं पुसायला सांगितलं होतं हे तिला पक्कं आठवत होतं. पण सांगितल्यापेक्षा चार बोटं जास्त करणं हा सानवीचा नवा स्वभाव होता.

तिनं तारेची घासणी आणली, भांड्यांची पावडर आणली, वर दोन लिंबं पिळली. दीड तास घासलं. काळं पाणी वाहून वाहून नव्या बेसिनची जाळी तुंबली. कोपर दुखलं, नखं काळी झाली, आणि हळूहळू तळातून राखाडी लोखंड वर आलं, दोन्ही बाजूंनी स्वच्छ. तिनं त्याचा फोटो काढून आईला पाठवला. आईनं नीट न बघताच अंगठा पाठवला. आईकडे घरी नॉनस्टिकचा तवा होता, तिच्या अंगठ्याला काय अर्थ.

चारला मावशी आली. जरीकाठाचं पातळ, केसांत अबोली. तिनं आधी हॉल बघितला, मग ओटा बघितला, मग तव्यावरचं फडकं उचललं. तापाच्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा तिनं तव्यावर तळहात ठेवला.

“चकचकीत केलंस गो,” म्हणाली. बस.

सानवी फुगली. ते ‘गो’ मावशी एरवी लाडानं म्हणायची, आज जरा खालच्या सुरात आलं, पण ते ऐकायला सानवीला वेळ कुठे होता? ती पाटी सरळ करत होती.

पाचला दारं सरकली आणि गाव आत शिरलं. आधी सगळे मान वर करून छत बघत होते. पांढरं, गुळगुळीत, त्यात बसवलेले दिवे. खिळ्याचं भोक औषधाला नाही. सानवीनंही वर बघितलं, आणि उगाच तिला एकतीस आकडा आठवला. मग ऑर्डरी सुरू झाल्या. ऑर्डर दिली की हातात एक काळी चकती मिळायची. पदार्थ तयार झाला की चकती थरथरायची आणि लाल दिवा लागायचा. म्हातारी माणसं ती विंचवासारखी लांब धरत होती.

चार नंबरसमोरच्या रांगेत पहिला माणूस भिवा आजोबा. एसटीचे निवृत्त कंडक्टर, वीस वर्षं रोज पाचला यायचे, हॉल बंद असतानाही सवयीनं हिरव्या कापडापर्यंत येऊन परत जायचे. त्यांच्यामागे दहा-बारा जण. विनीत मात्र रांगेत नव्हता. त्यानं टेबलावर बसून मोबाइलवरून ऑर्डर दिली होती आणि आईला लांबून चकती दाखवत होता, की बघ, आज मी गिऱ्हाईक.

मावशीनं अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवला, पिठाचं पाणी बाहेरून आत गोल सोडलं. चर्र असा आवाज झाला आणि सानवीच्या अंगावर शहारा आला. तोच आवाज. झाकण, वाफ, उलथणं. पहिलं घावन बिलगलं, फाटलं. मावशीनं ते पानाच्या तुकड्यावर घेतलं, रस ओतला आणि मागे न बघता हात मागे केला. सानवीनं घेतलं. डोळे मिटले. हात भाजला, जीभ भाजली, आणि क्षणभर पांढरं छत निघून गेलं, पत्रा आला, ऊन आलं, पिठाच्या डब्यावर लोंबकळणारे पाय आले.

डोळे उघडले तर दुसरं घावनही फाटत होतं.

मग तिसरं. चौथं तर निघेचना, मावशी उलथण्यानं खरवडत होती आणि खाली करपल्याचा वास सुटला होता. रांगेत चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, मावशींचा हात गेला वाटतं. कुणीतरी म्हणालं, चौदा महिने म्हणजे काय कमी झाले? विनीत टेबलावरून ओरडला की आई, येताना नॉनस्टिक आणायला हवा होता का. मावशीचा चेहरा मात्र शांत होता. रागावलेला नाही, घाबरलेला नाही. असंच होणार हे माहीत असल्यासारखा. तिनं गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि ओट्यावरून विचारलं,

“विनीत, उद्याची गाडी किती वाजता?”

सानवीचं घावन हातातच राहिलं. ती मावशीच्या कानाशी गेली आणि हळूच विचारलं, काय झालं, पीठ बिघडलं का.

“पीठ बरं हाय. तव्याला अंग राहिलं नाय.”

“म्हणजे?”

“तू घासलास तो मळ नव्हता गो बाय. ते त्याचं अंग होतं. सासूबाईंनी चढवलेलं, मग मी चढवलेलं. तेल जळून जळून बसतं, तेव्हा घावन सुटतं.”

सानवीला आपली नखं दिसली. अजून काळी होती. काळं पाणी आठवलं, दीड तास वाहिलेलं, ती गाणं गुणगुणत वाहू देत होती ते. चौतीस वर्षं आणि त्याच्या आधीची कितीतरी, सगळी बेसिनच्या जाळीतून गेली होती.

“मग तू चारलाच का नाही बोललीस? मला शिव्या का नाही घातल्यास?”

मावशीनं तिच्याकडे बघितलं. “तुझं तोंड बघितलं. दिवा लावल्यासारखं होतं. म्हटलं, बोलून काय तवा काळा व्हायचा हाय?” मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, “नि खरं सांगू, मला सुटल्यासारखं झालं. हॉल नवा, ओटा नवा, तवा पण नवा. ओळखीचं काय उरलंच नाय. ठरवायचं कामच संपलं.”

म्हणजे जे होऊ नये म्हणून सानवीनं अर्ज भरला, भाषणं केली, पाटी रंगवली, ते तिनं स्वतःच्याच हातानं, वर लिंबू पिळून करून ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वीची सानू असती तर ओट्याखाली जाऊन बसली असती. तिनं इकडेतिकडे बघितलं. कोपऱ्यात पिठाचा डबा उपडा होता, तोच जुना, एका बाजूला चेपलेला. ती त्यावर चढली.

पहिलं वाक्य याही वेळी विसरली. दुसऱ्यापासून सुरुवात केली.

“चूक मावशीची नाही, माझी आहे. हा तवा माझ्यापेक्षा, माझ्या आईपेक्षा जुना आहे. आज सकाळी मी तो तारेच्या घासणीनं घासला.”

रांगेतली एक मासळीवाली बाई कपाळावर हात मारून म्हणाली, “अगो बाय माझे.” आणि बाकीच्यांना समजावून सांगायची गरजच पडली नाही. बिडाचा तवा तारेनं घासला म्हणजे काय झालं, हे रत्नागिरीच्या रांगेत कळायला वेळ लागत नाही. दोघी-तिघींनी च् च् केलं. एक जण खो खो हसला. सानवीचे कान तापले, पण ती डब्यावरून उतरली नाही.

“आज या तव्यावरून एकही घावन अख्खं निघणार नाही. पण पहिलं घावन कुणाच्याच घरी अख्खं निघत नाही ना? ते लेकराला देतात. आज सगळीच पहिली निघणार आहेत. ज्यांना चालेल त्यांनी थांबा. ज्यांना नाही चालणार, त्यांची मी माफी मागते.”

कॉलेजची चार मुलं लगेच नूडल्सकडे गेली. एका बाईंनी घड्याळ बघितलं आणि नवऱ्याला घेऊन निघाल्या. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत; रांग निम्मी झाली. भिवा आजोबा मात्र जागचे हलले नव्हते. त्यांनी चकती ओट्यावर ठेवली, चष्मा पुसला आणि म्हणाले,

“आम्ही सात भावंडं. मी पाचवा. पहिलं घावन सगळ्यात धाकट्याला, तो आमचा धोंडू. जन्मभर त्याच्या पानाकडे बघत दुसऱ्याची वाट बघितली मी.” त्यांनी हात पुढे केला. “पंचाहत्तरी झाली. द्या आता.”

मावशीनं गॅस मोठा केला. कांदा बुडवला, फिरवला, पीठ सोडलं. घावन बिलगलं, फाटलं, तिनं ते तुकडे पानावर गोळा केले, रस ओतला आणि चकतीच्या नियमाबियमाला न जुमानता थेट आजोबांच्या हातात ठेवलं. आजोबा टेबलाकडे गेले नाहीत. ओट्याशी उभ्या उभ्याच, भाजणारी बोटं फुंकत त्यांनी खाल्लं. खाऊन झाल्यावर म्हणाले, धोंडू लबाड होता, इतकं गोड असतं हे कधी सांगितलं नाही मेल्यानं.

मग रांगेला कंठ फुटला. मासळीवाल्या बाईनं सांगितलं की त्यांच्याकडे पहिल्यावरून एवढी भांडणं व्हायची की आई पहिलं घावन कोंबड्यांना घालायची. एक शिक्षक म्हणाले की त्यांची आजी मुद्दाम दोन फाडायची आणि दोन्ही पहिलीच म्हणून वाटायची. लोकांना दुसऱ्याच्या ताटात बघून बोलायची सवय पत्र्याच्या हॉलमध्ये होती, बाकडी लांब होती तेव्हा. नव्या हॉलमध्ये टेबलं चौघा-चौघांची होती, पण आज कुणी टेबलापाशी गेलंच नाही, सगळे ओट्याशी दाटीवाटीनं उभे राहून फाटकं घावन खात होते. मावशी कुणाशी फार बोलत नव्हती. पण हात चालत होता, पहिल्यासारखा, आणि मधूनच न बघता मागे व्हायचा, सानवीकडून पान घ्यायला. पान बरोबर तिथे असायचं.

शेवटी विनीतची चकती थरथरली. तो ती घेऊन आला, पानावरचे तुकडे बघितले, मग तवा बघितला आणि हसायलाच लागला.

“आई, काजू!”

मावशीनं उलथणं उगारलं, पण तीही हसत होती. सानवीला काहीच कळेना, तेव्हा विनीतनंच सांगितलं. चौथीत असताना त्यानं हाच तवा चोरून मागच्या परसात नेला होता आणि त्यावर काजूच्या ओल्या बिया भाजल्या होत्या, टरफलासकट. त्या डिंकाळ तेलानं तवा असा बरबटला की घावन तर सोडाच, तव्याजवळ उभं राहवेना. सगुणाआजीनं तो अख्खा जाळून काढला, अगदी आजच्यासारखा राखाडी होईपर्यंत, आणि मग पुन्हा चढवला.

“आणि कांदा कोण घासायचं? मी. महिनाभर. शाळेतली पोरं मला कांदेपोहे म्हणायची.”

“महिना नाय, दोन महिने,” मावशी म्हणाली. “तू रडायचास म्हणून महिना वाटतो तुला.”

सानवी तव्याजवळ सरकली. “म्हणजे अंग परत येतं?”

“येतं. बसून चढवावं लागतं.”

“मी चढवीन. रोज, शाळा सुटली की.”

“दहावी हाय तुझी.”

“पुस्तक घेऊन येईन. आधी काय करत होते मी इथे?”

विनीत समजूतदार मुलगा होता आणि आईवर त्याचा जीव होता, म्हणून त्यानं शेवटचा प्रयत्न केला. म्हणाला, तवा कल्याणला नेऊ, तिथे चढव निवांत. मावशीनं तव्यावर कांदा फिरवता फिरवता त्याचा विचार केला. खरंच केला, सानवीला तिच्या कपाळावर तो दिसत होता.

“तिथं खाणार कोण रे? तू नि तुझी बायको दीपाली डब्याला पोळी नेता. रविवारी दोन घावनं घातली तर हा जन्मात चढायचा नाय. याला रोज पन्नास निघायला हवीत, नि पन्नास खाणारे.” तिनं मान वर करून रांग बघितली. रांग पुन्हा दारापर्यंत गेली होती. “एक तिकीट परत कर. तवा अर्ध्यावर टाकून मला झोप लागायची नाय.”

विनीतनं पानातला एक तुकडा तोंडात टाकला, आणि दुसरा सानवीपुढे धरला.

“पहिल्या घावनाची ही गादी आधी माझी होती. कल्याणला गेलो तेव्हा तू होतीस पाच वर्षांची, म्हणून सोडली. लक्षात ठेव.” मग आईला म्हणाला की दोन महिन्यांनी परत विचारायला येईन.

“विचारायला नको. खायला ये.”

दुसऱ्या दिवशी तो एकटाच गाडीला बसला. आणि दुसऱ्या दिवसापासून सानवी साडेचारला दप्तर घेऊन चार नंबरच्या मागे हजर होऊ लागली. उपड्या डब्यावर बसायचं, अर्धा कांदा तेलात बुडवायचा, तवा मंद आचेवर, गोल गोल फिरवत राहायचं, आतून बाहेर, बाहेरून आत. धूर निघाला की थांबायचं. थंड झाला की पुन्हा. मधे भूमितीचं प्रमेय. तिच्या वह्यांना कांद्याचा वास यायला लागला आणि शाळेत तिलाही एक नाव पडलं, ते तिनं घरी सांगितलं नाही. मावशी गिऱ्हाइकं नसली की जुन्या हॉलच्या गोष्टी सांगायची: कुठल्या खांबाला कुणाची सायकल बांधलेली असायची, पावसाळ्यात पत्र्यावर एवढा आवाज व्हायचा की लोक बोटांनी घावनं मागायचे. सानवी तिथेच तर होती, तिला माहीत होतं हे सगळं, तरी ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकायची.

राखाडी लोखंड आधी पिवळसर झालं, मग तपकिरी. पंधराव्या दिवशी कडा काळवंडल्या. घावनं अजून फाटत होती, पण कमी. काही गिऱ्हाइकं तर फाटकीच मागू लागली.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी, पाचच्या सुमाराला, मावशीनं पहिलं घावन घातलं. ते नेहमीप्रमाणे बिलगलं आणि सानवीच्या पानावर आलं. तिनं ते खाल्लं. मग दुसरं. झाकण काढलं, मावशीनं उलथण्याचं टोक कडेला लावलं, आणि लावलं न लावलं तोच घावन सरकलं. आपणहून. अख्खं, पातळ, जाळीदार, तव्यावर मोकळं. मावशीनं ते उलथण्यावर तोललं आणि भिवा आजोबांकडे न देता मागे सानवीकडे केलं, नुसतं बघायला.

सानवीनं ते दोन्ही हातांच्या बोटांवर झेललं, चटके बसत होते तरी, आणि डोक्याच्या वर उचलून धरलं. छताचे नवे दिवे त्याच्या शंभर भोकांतून खाली आले. तिच्या तोंडावर, तिच्या मनगटावर, उघड्या भूमितीच्या पुस्तकावर गोल गोल कवडसे पडले.

ती मोजायला लागली. एकतीसपर्यंत पोचली तेवढ्यात भिवा आजोबा ओट्यावर चकती आपटून म्हणाले की मुली, ते माझं घावन आहे, थंड होतंय.